काम येतं, तरी सर्टिफिकेट का आणि कुठलं? एसी-रेफ्रिजरेशनच्या टेक्निशियनसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षं एसी आणि फ्रीजची कामं केली, सगळं उस्तादाच्या हाताखाली शिकलो, हातात कागद एकही नाही. आता मोठी साइट घ्यायची तर सर्टिफिकेट मागतात. काम येतंच आहे तर त्या कागदातून नवीन काय मिळणार, घ्यायचंच तर कुठलं, आणि शाळा सुटून पंधरा वर्षं झाली, लेखी परीक्षा जमेल का?

मी सव्वीस वर्षं याच कामात आहे आणि शेवटची दहा-अकरा वर्षं प्रॅक्टिकल परीक्षा पण घेतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचं ते "काम येतंच". मलाही अगदी तसंच वाटायचं, आणि मी पहिल्या वेळी नापास झालो. लेखीत नाही, ब्रेझिंगमध्ये, म्हणजे तांब्याचे पाइप टॉर्चने तापवून रॉड वितळवून जोडण्यात, जे मी रोज करायचो. जॉइंट मस्त आला होता, रॉड सगळीकडे सारखा पसरलेला, प्रेशर टेस्टला टिकला, साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही. परीक्षकांनी तो पाइप घेतला, व्हाइसमध्ये धरला आणि हॅकसॉने उभा चिरला, शेंग सोलतात तसा उघडून माझ्या हातात दिला. आतून काळाकुट्ट. बोट फिरवलं तर काळे पापुद्रे बोटाला लागले. ते एवढंच म्हणाले, "हे आता कुठे जाणार सांग." मला सांगता आलं नाही.

आता सांगतो. तांबं हवेत लाल होईपर्यंत तापवलं की आतल्या बाजूलाही कॉपर ऑक्साइडचा थर बसतो. बाहेरचा आपण पुसतो, आतला दिसत नाही. आर-४१०ए, आर-१३४ए, आर-३२ या गॅसेसबरोबर जे सिंथेटिक ऑइल चालतं ते हा थर धुवून काढतं आणि तो कचरा फिरत फिरत ड्रायरमध्ये, व्हॉल्व्हच्या जाळीत नाहीतर कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी जाऊन बसतो. मशीन त्या दिवशी थंड होतं, पार्टी खूश, आपण घरी. सहा महिन्यांनी कूलिंग कमी, कॉम्प्रेसर गरम, आणि आपण म्हणतो कॉम्प्रेसरच हलका निघाला. किती कॉम्प्रेसरना मी असा दोष दिला असेल त्याचा हिशोब नाही. उपाय काय तर ब्रेझिंग चालू असताना पाइपमधून नायट्रोजनची बारीक धार सोडायची, गालावर जेमतेम जाणवेल इतकी, आणि जॉइंट थंड होईपर्यंत बंद करायची नाही. बस एवढंच, पण ते मला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण माझ्या उस्तादाने आर-१२ आणि आर-२२ वर हात बसवला होता आणि तिथे जुनं मिनरल ऑइल असायचं, ते इतकं धूत नाही, त्यामुळे त्याचं खपून गेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे, की अनुभव आपल्याला तेच शिकवतो जे त्याच दिवशी दिसतं. थंड झालं, आवाज गेला, ट्रिप होत नाही. जे त्या दिवशी दिसत नाही, पाइपच्या आतलं, व्हॅक्यूममध्ये राहिलेली ओल, हवेत सोडलेला गॅस, ते अनुभव वीस वर्षं झाली तरी शिकवत नाही, आणि चांगलं सर्टिफिकेट नेमकं तेच तपासतं.

आता कुठलं घ्यायचं. इथे लोकांची फार गल्लत होते कारण चार वेगवेगळ्या कागदांना सगळे सर्टिफिकेटच म्हणतात. एक म्हणजे ट्रेडचं शिक्षण, भारतात आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स आहे तसं. दुसरं गॅस हाताळायचा परवाना, हा बऱ्याच देशांत कायद्याने सक्तीचा आहे. तिसरं कौशल्याची स्वेच्छेने दिलेली परीक्षा, अमेरिकेत नेट (NATE) नावाच्या संस्थेचं सर्टिफिकेट असतं ते या प्रकारातलं. आणि चौथं, कंपनीने दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन हातात ठेवलेला कागद. हा चौथा कागद वाईट नाही, त्या मॉडेलचे एरर कोड आणि बोर्ड समजतात, पण तो हजेरीचा कागद आहे, परीक्षेचा नाही. साइटवाले सर्टिफिकेट मागतात तेव्हा पहिल्यांदा त्यांना विचारा यातलं कुठलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पोरांनी चौथा कागद फ्रेम करून लावला होता आणि टेंडरमध्ये मागितला होता दुसरा.

त्यातला दुसरा, गॅसचा, मी सगळ्यात वर ठेवतो. कारण सांगतो. आर-११, आर-१२ सारख्या सीएफसीमधला क्लोरीन वर जाऊन ओझोन खातो हे कळलं तेव्हा १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. नंतर जे एचएफसी आले, आर-१३४ए, आर-४१०ए वगैरे, त्यांच्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही, पण ते उष्णता धरून ठेवतात. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण २०८८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे, आर-३२ चा आकडा ६७५ आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० चा अगदी किरकोळ. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत एचएफसी पण टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. कारखान्यावर नियम लावता येतो, पण गॅस लीक होतो, सोडला जातो, चुकीचा भरला जातो तो सर्व्हिस करताना, तुमच्या-माझ्या गेजच्या नळीतून. म्हणून कायद्याने परीक्षा टेक्निशियनची ठेवली.

अमेरिकेत याला सेक्शन ६०८ म्हणतात, १९९४ पासून त्याशिवाय गॅसचं सर्किट उघडायलाच परवानगी नाही. त्याची मांडणी मला आवडते कारण ती कामाप्रमाणे आहे: टाइप १ मध्ये कारखान्यातून सीलबंद आलेली छोटी मशीन, ५ पौंडांपर्यंत गॅसची, म्हणजे साधारण सव्वादोन किलो, टाइप २ हाय प्रेशरची, टाइप ३ लो प्रेशरचे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी मोठी मशीन, आणि तिन्ही पास झालात की युनिव्हर्सल. सगळ्यांच्या आधी एक कोअर भाग. प्रत्येक भागाला २५ प्रश्न, पर्याय निवडायचे, १८ बरोबर आले की पास. हे सर्टिफिकेट एकदा मिळालं की संपत नाही. युरोपात उलट आहे, २०२४ च्या नव्या एफ-गॅस नियमात प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया यांचंही ज्ञान प्रमाणपत्रात आणलंय आणि किमान दर सात वर्षांनी उजळणी ठेवलीये. माझं मत विचाराल तर युरोपचं बरोबर आहे, कारण सात वर्षांत गॅसच बदलतात. ऑस्ट्रेलियात आर्कटिकचं, म्हणजे तिथलं गॅस हाताळायचं, लायसन्स नसेल तर एचएफसीसारखे गॅस विकत घेता येत नाहीत की हाताळता येत नाहीत. बाहेरगावी जायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, एका देशाचा गॅसचा परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, पण तयारी सगळीकडे तीच.

तुमच्यासारख्या अनुभवी माणसासाठी आणखी एक वाट असते, आरपीएल म्हणतात, म्हणजे आधी शिकलेल्याची दखल. भारतात आहे, ऑस्ट्रेलियात आहे. पूर्ण कोर्सला न बसता तुमचं काम तपासून सर्टिफिकेट देतात. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून आजपासून प्रत्येक कामाची नोंद ठेवा, मशीन कुठलं, गॅस कुठला, किती काढला, किती भरला, व्हॅक्यूम कितीला थांबला, रीडिंग काय आले. नऊ वर्षांची वही असती तर अर्धं काम झालं असतं.

आता परीक्षेत अनुभवी लोक कुठे अडकतात ते सांगतो, कारण नवखी पोरं तिथे अडकत नाहीत.

पहिलं व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरायच्या आधी सिस्टिममधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. मी विचारतो व्हॅक्यूम झाला हे कसं ठरवणार. दहातले सात जण म्हणतात अर्धा तास पंप चालवला की झाला. घड्याळावरून व्हॅक्यूम कळत नाही, आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे नेहमीच्या प्रेशर गेजच्या, काट्यावरूनही नाही, तो ३० इंचाला जाऊन बसला की पुढचं काहीच दाखवत नाही आणि खरी गंमत तिथून पुढेच असते. अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज पाहिजे, आणि तो शक्यतो पंपापासून लांब, सिस्टिमच्या बाजूला लावायचा. ५०० मायक्रॉनच्या खाली नेलं की व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करा आणि आकडा बघत बसा. तिथेच खरं काय ते कळतं. आकडा थोडा वर जाऊन हजार-दीड हजारच्या आसपास थांबला तर आत ओल आहे, पाणी अजून उकळतंय. थांबतच नाही, चढतच चालला, तर लीक आहे, परत नायट्रोजन भरून शोधा. आणि जागेवर राहिला तर गॅस भरा. ओल असेल तर कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडायचा आणि परत ओढायचा. हे सिंथेटिक ऑइल हवेतली ओल इतक्या हावऱ्यासारखं शोषतं की सिस्टिम उघडी ठेवून चहाला जायची सवय असेल तर ती आजच सोडा, आणि एकदा ऑइलने ओल धरली की पंप ती सहज काढत नाही, मग आत ॲसिड बनतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग खातं.

दुसरं रिकव्हरी, म्हणजे गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणं. इथे हाताला लागलेली सवय मोडावी लागते आणि ते सगळ्यात अवघड आहे. नट सैल केला, फुस्स, दोन मिनिटांत काम, हे आपण सगळ्यांनी केलंय. परीक्षेत तसं एकदा केलं की तिथेच संपलं. रिकव्हरी मशीन, रिकव्हरीचाच सिलिंडर, आणि खाली वजनकाटा. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. का? लिक्विड तापलं की फुगतं, वर वाफेला जागा उरली नाही तर पूर्ण लिक्विडने भरलेला सिलिंडर थोड्याशा उन्हातही प्रचंड प्रेशर घेतो आणि मग फुटू शकतो. काटा नसेल तर तुम्हाला कळणारच नाही किती भरला. आणि एका सिलिंडरमध्ये दोन गॅस कधीच नाही, मिसळलेला गॅस परत वापरता येत नाही, तो बहुतेक वेळा नष्टच करायला पाठवावा लागतो.

तिसरं, गॅस भरणं. "लो साइड (कमी प्रेशरची बाजू) ठरलेल्या आकड्यावर आणली की झालं" हे उत्तर मला रोज मिळतं. आकडा एकटा काही सांगत नाही. समजा फिक्स्ड स्पीडचं आर-४१०ए चं मशीन आहे, लो साइडला ११८ पीएसआय दिसतंय. गॅसच्या प्रेशर-तापमानाच्या चार्टमध्ये बघा, म्हणजे आत गॅस साडेचार अंशांच्या आसपास उकळतोय. आता सक्शन पाइपला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपला, थर्मामीटर लावा. १२ अंश आलं तर उकळण्याच्या तापमानापेक्षा साडेसात अंश जास्त, यालाच सुपरहीट म्हणतात, ठीक आहे. सहा अंश आलं तर दीडच अंश सुपरहीट, लिक्विड कॉम्प्रेसरपर्यंत पोचायच्या बेतात आहे. आणि २४ आलं तर कॉइलच्या मध्यातच लिक्विड संपलंय. तिन्ही वेळा गेजवर तोच ११८! कॅपिलरी असेल तर सुपरहीट बघा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असेल तर सबकूलिंग, म्हणजे लिक्विड पाइप गॅसचं लिक्विड व्हायच्या तापमानापेक्षा किती अंश थंड आहे ते, आणि इन्व्हर्टर असेल तर प्रेशरच्या मागे लागूच नका, सगळा गॅस काढा आणि नेमप्लेटवर लिहिलाय तेवढा वजन करून भरा, लांब पाइपिंगचा जास्तीचा धरून. मिश्रण गॅस लिक्विडमध्येच भरायचा, नाहीतर आधी हलका भाग निघून जातो आणि सिलिंडरमध्ये उरलेला गॅस लेबलवरचा राहत नाही, आर-४०७सी मध्ये तर हे फारच.

इलेक्ट्रिकलमध्ये अनुभवी लोक चांगले असतात, एकच गोष्ट सांगतो. कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलवर ओहम घेतले, समजा कॉमन-रनिंग २, कॉमन-स्टार्टिंग ५, तर रनिंग-स्टार्टिंग ७ यायला पाहिजे, दोघांची बेरीज. आता रनिंग-स्टार्टिंग ७ आलं पण कॉमनपासून दोन्हीकडे ओपन, तर लगेच कॉम्प्रेसर गेला म्हणू नका. आतला ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर सर्किट तोडणारा स्विच, उघडला असेल. हात लावून बघा, तापलेला असेल तर थंड होऊ द्या, मोठ्या कॉम्प्रेसरला तास-दोन तास पण लागतात, मग परत मोजा. असे चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी बघितलेत आणि वाईट वाटतं, पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हात जोडून सांगतो ती. पेटणारे गॅस. आर-३२ ला ए२एल म्हणतात, सौम्य पेटणारा, आर-२९० आणि आर-६००ए हे ए३, म्हणजे प्रोपेन आणि आयसोब्युटेन, सरळ इंधनच. व्यावसायिक फ्रीजमध्ये पूर्वी याची मर्यादा साधारण १५० ग्रॅम होती, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्डने ती ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली, म्हणजे तुमच्या हाताखाली हे मशीन येणारच आहे, आलेलंही असेल. आणि जुनी सवय काय आहे, जॉइंट सोडवायचा तर टॉर्च लावायची. आत १०० ग्रॅम प्रोपेन असला आणि तुम्ही टॉर्च लावलीत तर चेहरा तुमचा तिथे असतो. इथे क्रम बदलत नाही: दारं-खिडक्या उघडा, डिटेक्टर जमिनीलगत ठेवा कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो. जवळ कुठली ठिणगी नाही, स्विच चालू-बंद नाही. गॅस काढा, मग नायट्रोजनने सिस्टिम धुवा, मग पाइप कटरने कापा, टॉर्चने सोडवू नका. आणि आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन भरणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. त्या मशीनचे स्विच, रिले, पंख्याची मोटर यातलं काहीही पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलं नाही, आणि तुमच्यानंतर जो टेक्निशियन येईल त्याला आत काय आहे ते माहीतच नसेल.

नायट्रोजनचंही तसंच, सिलिंडर भरलेला असेल तर आत दोन हजार पीएसआयच्या वर प्रेशर असतं, रेग्युलेटरशिवाय सिस्टिमला जोडायचा नाही म्हणजे नाही. आणि नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट, हा विचारसुद्धा नको. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं ऑइल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं गेलीत यात.

एवढ्या सगळ्यात कागद विकणारेही भेटतील, परीक्षा नाही, प्रॅक्टिकल नाही, फोटो पाठवा आणि सर्टिफिकेट घ्या. घेऊ नका. खऱ्या सर्टिफिकेटवर नंबर असतो आणि तो देणाऱ्या संस्थेकडे तपासता येतो. साइटवाले आता तपासतात, आणि एकदा खोटा निघाला की तुमचा नऊ वर्षांचा शब्द पण जातो.

लेखी परीक्षेचं टेन्शन मी समजू शकतो, पण ती निबंधाची परीक्षा नाही. तयार प्रश्नोत्तरं पाठ करायला जाऊ नका, प्रश्न थोडा फिरवला की पाठांतर कोसळतं. तुमचं नऊ वर्षांचं काम हेच पुस्तक आहे, फक्त प्रत्येक ठिकाणी "का" विचारायचा. उद्याच्या पहिल्या मशीनवर सुरुवात करा, प्रेशर बघितलं की चार्टमधून तापमान काढा, पाइपचं तापमान घ्या, वजाबाकी करा, वहीत लिहा. तीस मशीन झाली की सुपरहीट-सबकूलिंगचे प्रश्न तुम्हाला वाचायच्या आधी कळतील. कायद्याचा भाग, तारखा, कुठला गॅस सीएफसी, कुठला एचएफसी, कुठल्या क्लासचा, हे मात्र पाठच करावं लागतं, रोज दहा मिनिटं, महिनाभर पुरे. इंग्रजी शब्दांची भीती असेल तर वाक्यं सोडा, पन्नास-साठ शब्द आहेत, रिकव्हरी, रिसायकल, रिक्लेम यातला फरक नीट करून घ्या, यात भले भले चुकतात: रिकव्हरी म्हणजे नुसता काढून सिलिंडरमध्ये ठेवणं, रिसायकल म्हणजे ऑइल वेगळं करून आणि ड्रायर-फिल्टरमधून काढून साफ करणं, आणि रिक्लेम म्हणजे नव्या गॅसच्या दर्जाला आणून लॅबमध्ये तपासणं, ते साइटवर होत नाही.

आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी घाईने गेज जोडायला जाऊ नका. आधी चष्मा आणि हातमोजे घाला, मग नेमप्लेट वाचा, गॅस कुठला आणि किती ते मोठ्याने बोला, मग मशीनला हात लावा. आम्ही परीक्षक पहिली दोन मिनिटं फक्त तेच बघत असतो.